एका घरात दुसरी चूल

बेबाआत्या गेली त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. रीतच आहे ती. शेजारपाजारहून ताटं आली. कुणाचं पिठलं, कुणाची भाकरी, कुणाची कढी-खिचडी. ज्या ज्या घरून ताट आलं, त्या त्या घरची चूल आत्यानेच घातलेली होती. झाकणं काढता काढता आईच्या ते लक्षात आलं, आणि एवढ्या रडारडीत ती पटकन म्हणाली, "पाहा व माय, मेल्यावरबी हिनंच जेवू घातलं!" रडणाऱ्या बाया हसल्या, आणि हसता हसता पुन्हा रडल्या.

धुळ्याला परत आल्यावर शेजारच्या पुष्पाबाईंना मी हे सांगितलं, तर त्यांनी हातातलं सूप खालीच ठेवलं.

"आंधयी बाई आनि चूल घाले? भाजेत नही का तिना हात?"

भाजायचे की. पण भाजण्याचं आत्याला काही वाटायचं नाही, चूल वाकडी झाल्याचं वाटायचं. पुष्पाबाईंना सगळं सांगायला बसले, तेवढ्यात धाकटा उठला. म्हणून आता लिहून काढतेय. तो झोळीत आहे आणि मोठी, चिमी, बालवाडीत. जेवढं होईल तेवढं.

बेबाआत्या म्हणजे माझ्या आबांची, गाव ज्यांना कौतिक म्हणतं त्यांची, धाकटी बहीण. पाच वर्षांची असताना देवीच्या साथीत तिचे डोळे गेले. आमचं गाव यावलकडचं, केळीच्या मळ्यांतलं. ती जन्मभर आमच्याच घरात राहिली. लग्नाचं कुणी विचारलंच नाही असं नाही हं. धरणगावचा एक बिजवर आला होता. आत्या म्हणाली, मला त्याचा हात पाहू द्या. आजोबा चिडले, पण त्या माणसाने हात पुढे केला. आत्याने तळवा चाचपला, बोटं दाबली आणि आत येऊन आजीला सांगितलं, "लोन्यासारखा हात हाये. हा घरी बसून खाईन आन् मी कमवीन. नको." आणि खरोखर, हात पाहण्यात ती कधी चुकली नाही.

चूल घालायची तर ती आधी त्या घरच्या बाईचे हात पाहायची. बाईला पाटावर बसवायची, समोर परात ठेवायची आणि सांगायची, "थाप भाकर." बाई थापायला लागली की तिच्या खांद्यावर, कोपरावर हात ठेवून मागे बसून राहायची. मग चुलीची उंची ठरायची, तोंड कुठल्या दिशेला करायचं ते ठरायचं. समोरच्या कमलबाई डावखुऱ्या. सासरी आल्यापासून त्या उलट्या हाताने तवा उचलत होत्या आणि सासूच्या शिव्या खात होत्या. आत्याने त्यांना डावखुरी चूल घालून दिली. दुसरं भांडं ठेवायचा वैल उजवीकडे आणि सरपण सारायची जागा डावीकडे. मग सासूला त्या चुलीवर स्वयंपाक जमेना. सासूची बोलणी आत्याने खाल्ली आणि कमलबाईंनी जन्माची मैत्री केली. मैत्री म्हणजे काय, रोज येऊन बडबड.

माती ती स्वतः आणायची. नदीकाठची काळी, घराच्या मातीच्या छपरावर, धाब्यावर टाकतात ती पांढरी, गव्हाचा भुसा आणि घोड्याची लीद मिळाली तर सोनंच. माती जिभेला लावून पाहायची. चुलीच्या अंगावर नक्षी काढायची. केळीचा घड काढला तर त्याच्या फण्या मोजून घ्याव्यात, अशा. चुडामण कंडक्टरच्या घरची चूल घालायची तेव्हा त्याने थट्टेत म्हटलं, "आत्या, माह्या चुलीवर यष्टी काढा." आत्या दुसऱ्या दिवशी स्टँडवर हजर! पुढच्या दिव्यापासून मागच्या शिडीपर्यंत तिने सगळी गाडी हाताने पाहिली. गाडीतली माणसं ओरडायला लागली, "चुडामन, सोड ना भो मोटर!" चुडामण म्हणाला, "थांबा, तपासनी चालू हाये." ती यष्टी अजून त्याच्या चुलीवर आहे. टपावरच्या बोचक्यांसकट.

पण मला सांगायचंय ते एकोणनव्वद सालचं. त्या वर्षी गावात सरकारी बिनधुराची चूल आली. नमुन्याची पहिली कमलबाईंच्या घरी बसली. मागे पत्र्याची नळी, धूर थेट छपराबाहेर. महिनाभरातच कमलबाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"धूर गेला व माय, पन भाकरीचं काय करू? तोंड एवढूसं. तव्यावरची भाकर काहाडून निखाऱ्याच्या आरापाशी उभी करायले जागा नही. फुगत नही, पापुद्रा नही. जशी काही चामड्याची."

आत्या उठली, कमलबाईंच्या घरी गेली. चूल विझलेली होती. खांद्यापर्यंत हात आत घालून आली. जेवताना एकदम म्हणाली, "धूरबी जावा आन् भाकरबी फुगावी. दोन्ही काबरं होऊ नये?"

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात तेवढंच. पण अशी चूल काही एका दमात साधत नाही. घालायची, पेटवायची, चुकली की मोडायची, पुन्हा घालायची. लोकांच्या घरात हे कसं करणार? आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या चुलीवर तर दोन वेळचं नऊ माणसांचं जेवण. आत्याला स्वतःची चूल हवी होती. गावभर चुली घातल्या, पण तिची म्हणावी अशी एकही नव्हती.

तिने आबांना विचारलं. "भाऊ, मागच्या खोलीत एक चूल घालते. माह्यापुरती."

आबांचा घास हातातच राहिला. "एका घरात दुसरी चूल?"

"जेवन नही रांधनार. फक्त पाहीन."

"लोकं धूर पाहतीन, तुह्यं पाहनं नही. म्हनतीन कौतिकनं आंधय्या बहिनीले वेगयी काहाडली. नही बेबा. दुसरं काहीबी माग."

आबा वाईट नव्हते. आमच्याकडे घरात दुसरी चूल पेटली की घर फुटलं असंच समजतात. वाटणी आधी चुलीची होते, मग शेताची. आत्याला हे माहीत होतं. त्या आठवड्यात ती कुणाच्या घरी चूल घालायला गेली नाही, आणि आईला ह्याची आजारपणापेक्षा जास्त काळजी वाटली.

दिवाळीनंतर मी बाळंतपणाला माहेरी आले, आणि आत्याचं नशीब उघडलं.

कारण बाळंतिणीच्या खोलीत चूल लागतेच. आंघोळीचं पाणी, शेक, धुरी. त्या चुलीला कुणी वेगळी चूल म्हणत नाही. सव्वा महिना ती बिनघोर पेटते. चिमी झाली त्याच संध्याकाळी आत्या माझ्या बाजेपाशी येऊन बसली. बाळाचं डोकं कुरवाळलं, नाक-कान पाहिले आणि म्हणाली, "हात चांगले हायेत पोरीचे." मग हळूच, "कुंदे, मागच्या खोलीत झोपशीन ना? तठी हवा चांगली हाये."

हवा कसली! ती खोली म्हणजे जुन्या पोत्यांची आणि उंदरांची. पण आईने दोन दिवसांत ती सारवून दिली. आत्याला माती, भुसा, पाणी सगळं आणून देणारी आईच. आबा दारातून डोकावले तर आई म्हणायची, "बायंतिनीच्या खोलीत मानसानं येऊ नही."

ते चाळीस दिवस मी बाजेवर पडून जे पाहिलं, ते पुन्हा कुठे पाहायला मिळणार? माणसं बाळंतपणात विश्रांती घेतात. माझ्या उशाशी दर चार दिवसांनी चूल पडत होती आणि नवी उभी राहत होती. आत्या नळीच्या जागी फुटकी कौलं एकावर एक रचायची. तोंड मोठं केलं की धूर परत खोलीत. मग चिमी शिंकायची, मी खोकायची, आणि आत्या खूश होऊन म्हणायची, "आला का? कुठून आला? वरून का बाजूनं?" मी सांगायची, बाजूने. की लगेच ओल्या मातीचा गोळा त्या बाजूला. एकदा तिने नळीच्या गळ्यात खापराचा तुकडा असा बसवला की तो सरकवला तर धुराची वाट मोठी-लहान व्हावी. त्या दिवशी पहिल्यांदा भाकरी फुगली. आत्याने ती हातात घेतली, कानाशी धरली, बोटाने टिचकी मारली. "वाजते व!" म्हणाली. आईने, मी आणि तिने ती भाकरी तिघींत खाल्ली. मिठाशीच.

पण पहिली फुगायची, दुसरी फुगायची आणि तिसऱ्या भाकरीला ताव उतरायचा. तेवढंच राहिलं होतं. आणि नेमका सव्वा महिना संपला.

मी न्हाले, देवाच्या पाया पडले, स्वयंपाकघरात शिरले. धुळ्याहून ह्यांचं कार्ड आलं की रविवारी न्यायला येतो. आबा म्हणाले, "बेबा, आता ती मोडून टाक."

"टाकते ना भाऊ. आज-उद्या."

आज-उद्यात दहा दिवस गेले. मी ह्यांना उलट कार्ड टाकलं की चिमीला सर्दी आहे, पुढच्या रविवारी या. चिमीला काही झालं नव्हतं. आत्याला आणखी एक आठवडा हवा होता.

इकडे कमलबाईंनी सकाळी आमच्या छपरावर पाहिलं, दोन ठिकाणी धूर. बाळंतीण उठून दहा दिवस झाले, तरी दोन. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, फक्त विहिरीवरच्या बायांना. विहिरीवरून ते चुडामणच्या कानावर गेलं. आणि चुडामणच्या कानावर गेलं की ते यष्टीने प्रवास करतं. तिसऱ्या दिवशी बातमी पाचोऱ्याला पोचली. तिथे जीवरामनाना राहायचे, आबांचे चुलतकाका. घराण्यातल्या सगळ्या वाटण्या नानांनी केलेल्या. कुणाचं घर फुटतंय म्हटलं की नाना न बोलावता येणार.

शनिवारी दुपारी आबा मळ्यातून आले, तर आमच्याच ओट्यावर नाना मांडी घालून बसलेले.

"ये कौतिक. बस."

"नाना! तुम्ही कव्हा आले? निरोप नही, काही नही."

"तू कुठी निरोप देल्हा? म्हैस कोनाकडे ठेवली?"

"कोनती म्हैस?"

"आमच्यापाशी झाकू नको रे. आंधय्या बहिनीले वेगयी काहाडली, आन् मले पाचोऱ्याले समजते?"

"कोन म्हने असं?"

नानांनी काठी उचलून छपराकडे दाखवली. "धूर म्हने."

आबांचा चेहरा मी अजून विसरले नाही. ज्याची त्यांना भीती होती तेच ओट्यावर येऊन बसलं होतं. शेजारच्या दारांत माणसं जमली होती. आबा आत गेले, कोपऱ्यातली पहार उचलली आणि मागच्या खोलीकडे निघाले. मी चिमीला कडेवर घेऊन मागे धावले.

आत्या चुलीपाशीच होती. आबांच्या पायांचा आवाज ऐकून तिने दोन्ही हात चुलीवर आडवे धरले. चूल तापलेली होती.

"भाऊ, दोनच दिवस दे. तिसऱ्या भाकरीवर गाडी अडली हाये. मले कारन समजलं, ताव अडवायले आत मातीचा एक उंबरा पाहिजे."

"दोन दिवसांत सगया जिल्हा ओट्यावर येईन! सरक बाजूले."

"मंग मलेबी वेगयी काहाड खरोखरची. लोकं म्हनतातच तर."

हे ती थट्टेत म्हणाली की खरं, मला कळलं नाही. आबांनाही नाही. पहार हातात धरून ते तसेच उभे. नानाही काठी टेकत दारापर्यंत आले होते.

तेवढ्यात आई आली. नानांसमोर आईने तीस वर्षांत तोंडातून शब्द काढला नव्हता. तिने पदर कपाळापर्यंत ओढला आणि भिंतीकडे पाहत विचारलं, "नाना, एका घरात एकच चूल पाहिजे ना?"

"हो तर."

"मंग माही मोडा. मी उद्यापासून अठी रांधीन."

पहिल्यांदा आत्याच बोलली. "वहिनी, ती नको मोडू व. तू परनून आली तव्हा घातली मी. पहिली हाये ती माही."

"पहिली हाये म्हनूनच. तिच्यासमोर तीस वर्स रडली मी."

"काबरं? भाऊ काही बोले का?"

"तुह्या भावानं नही, धुरानं. सगया धूर तोंडावर येतो तिचा. दुसऱ्या कोनत्याच घरच्या चुलीचा येत नही."

आत्याचे हात चुलीवरून खाली आले. मला वाटलं, आता ही रडते. पण ती चिडली. अशी चिडली की नाना मागे सरकले.

"तीस वर्स! आन् मले सांगितलं नही?"

"तुले वाईट वाटीन म्हनून..."

"वाईट वाटीन? अव, वाईट वाटलं असतं तर दुसरी घातली असती! गावभरच्या बायाईले मी इचारत फिरते, धूर येतो का, ताव लागतो का, आन् माह्याच घरात माही चूल रडवते! दे रे भाऊ ती पहार इकडे."

आबांनी पहार दिली. आत्या भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली, मागे आम्ही सगळे. तिने पदर खोचला आणि पहिला घाव घातला. तीस वर्षांची माती, ती काही लवकर फुटेना. फुटली तशी आत्या खाली बसली, आत बोटं घालून एकेक भाग चाचपायला लागली, आणि ओरडतच सुटली. "हे पाहा! मागचं भोक तोंडापेक्षा मोठं! आन् हा वैल, हा तर उलटाच उतरता ठेवला! कोन्या येड्या पोरीनं घातली ही चूल?"

"तूच व," आई म्हणाली. "बावीस वर्सांची होती."

"बावीस वर्सांची म्हैस होती मी!"

आता कुठे नाना हसले. आबा हसले नाहीत, पण त्यांनी मातीची ढेकळं उचलून टोपलीत भरायला घेतली. स्वयंपाकघरात आबा काही काम करताहेत हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

पण दुपारचे दोन वाजून गेलेले, पाहुणा घरात आणि चूल टोपलीत. आईने पीठ, तवा, परात उचलली आणि मागच्या खोलीत मांडलं. नाना आत चुलीसमोर पाटावर बसले. आईने भाकरी टाकली, उलटली, आराला टेकवून उभी केली. फुगली. ती नानांना. दुसरीही टम्म फुगली, ती आबांना. तिसरी निवांत पडून राहिली. आत्याने ती आवाजावरूनच ओळखली आणि तोंड वाकडं केलं.

"ही मलेच वाढ. खोट माही हाये."

"आन ती इकडे," नाना म्हणाले. "पोटात गेल्यावर सगया भाकरी सपाटच होतात." आणि वांग्याच्या भाजीशी त्यांनी तीही संपवली. मग वर पाहिलं. खोलीत आम्ही सहा जणं, चूल ढणढणतेय आणि कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. नानांनी पुढे वाकून कौलांच्या नळीकडे नीट पाहिलं, खापराचा तुकडा सरकवून पाहिला, बोट भाजून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पाचोऱ्याले येशीन का बेबा? सुनेचा खोकला जात नही माह्या."

"तिसरी भाकर फुगू द्या, मंग येते."

जेवणं झाली. आत्याने हात धुतले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "वहिनी, आज रातची भाजी जरा लवकर करून घे. मंग ही मोडते. आत उंबरा घालते, तोंड दोन बोटं बारीक करते."

"काय?" आई परात टाकून उठलीच. "हात लावून पाहा! एकुलती एक चूल हाये आता घरात. नऊ मानसं, वरून जावई येनार उद्या. फुगल्या तेवढ्या दोन फुगल्या, मले पुरे."

"अव पन चुकली हाये ती."

"चुकलीच राहू दे."

"तीस वर्स राहू देऊ का आनखी?"

दोघी अशा हातघाईवर आल्या की चिमी रडायला लागली. आबा दारात उभे राहून ऐकत होते. ही नणंद दर चार दिवसांनी घरातली एकमेव चूल पाडणार, भावजय तिला पाडू देणार नाही, आणि आपण दोघींमध्ये उपाशी, हे त्यांना बहुतेक तिथे उभ्या उभ्या दिसलं असावं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

"बेबा."

"काय भाऊ?"

"गोठ्यामागं जागा हाये. तठी घाल तुही. मोड, फोड, पेटव, काहीबी कर. हिची ठेव."

आत्या भिंतीला हात लावून उभी राहिली. "दोन धूर निंगतीन भाऊ."

"निंगू दे. नाना, तुम्ही पाचोऱ्याले जाऊनशानी सांगा सगयाईले. दोन चुली हायेत कौतिकच्या घरात. आन् म्हैस एकच हाये, तीबी कोठं जात नही."

नाना मिशांना लागलेलं पाणी पुसत "सांगतो ना बापा, सांगतो" म्हणाले. आत्या ते ऐकायला थांबलीच नव्हती. भिंतीचा हात सोडून ती अंगणात उतरली होती आणि गोठ्यामागची माती ओली आहे की कोरडी, ते अनवाणी पायांनी दाबून पाहत चालली होती.